कच्च्या तेलाचा भाव पुढे कुठे जाणार? आधी स्प्रेड बघा, मग बातम्या

प्रश्न नेहमीचाच आहे: येत्या दोन-तीन महिन्यांत क्रूड वर जाईल की खाली, आणि ते आधी ओळखायला नेमके काय बघायचे? थोडक्यात उत्तर असे की, आकडा कुणालाच सांगता येत नाही, दिशा कधीकधी सांगता येते. ती सांगायला मुख्य भावापेक्षा जास्त उपयोगी पडतो तो जवळच्या आणि लांबच्या महिन्यांच्या वायद्यांमधला (ठरलेल्या महिन्यात माल देण्याघेण्याच्या सौद्यांमधला) भावाचा फरक, म्हणजे स्प्रेड. साठ्याचे अहवाल, ओपेक या तेल-उत्पादक देशांच्या संघटनेच्या बैठका, युद्धाच्या बातम्या हे सगळे त्या स्प्रेडशी ताडून बघायचे.

आधी आकडा का सांगता येत नाही ते पाहू. जग दिवसाला १० कोटी बॅरलहून थोडे अधिक तेल वापरते. भाव हलतो तो पुरवठा आणि मागणी यांच्यातल्या तफावतीवर, आणि ती तफावत एरवी ५ ते १५ लाख बॅरलची असते. दोन अवाढव्य आकड्यांची वजाबाकी करून उरलेली ही चिमूट. मागणीचा अंदाज अर्ध्या टक्क्याने चुकला तरी ५ लाख बॅरल इकडचे तिकडे होतात, आणि कागदावरचा तुटवडा प्रत्यक्षात अतिरिक्त साठा ठरतो. २०२४ च्या पूर्वार्धात त्या वर्षीच्या मागणीतली वाढ ओपेकच्या मते दिवसाला साडेबावीस लाख बॅरल होती, तर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मते जेमतेम १० लाखांच्या आसपास. दोन अंदाजांमधले अंतरच इतके, की त्यात अख्खी तेजी किंवा अख्खी मंदी बसावी.

दुसरे कारण असे की भाव चढला म्हणून लोक लगेच गाडी चालवायचे थांबत नाहीत, आणि पडला म्हणून चालू विहीर कुणी लगेच बंद करत नाही. त्यामुळे किरकोळ तुटवडा भरून काढायलाही भावाला लांब उडी मारावी लागते. मे २००८ मध्ये एका बड्या गुंतवणूक बँकेने तेल १५० ते २०० डॉलरवर जाण्याची शक्यता वर्तवली. ११ जुलैला डब्ल्यूटीआयने, म्हणजे अमेरिकेच्या मानक क्रूडने, १४७.२७ ला स्पर्शही केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भाव ४० च्या खाली होता.

वायद्यांची रांग हीसुद्धा भविष्यवाणी नव्हे. सहा महिने पुढचा वायदा ६५ डॉलरला चालला आहे, म्हणजे बाजाराला तेव्हा ६५ अपेक्षित आहे, असा अर्थ काढणे ही नवख्यांची पहिली चूक. त्या भावात साठवणुकीचा खर्च, व्याज, आज माल हातात असण्याची किंमत आणि हेजिंगचा (भावाच्या जोखमीपासून बचावासाठी केलेल्या सौद्यांचा) दबाव हे सगळे मिसळलेले असते. अर्थशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिले आहे: ‘आजचाच भाव पुढेही राहील’ या साध्यासुध्या अंदाजावर वायद्याचा भाव फारशी मात करत नाही. म्हणून कोणतीही पद्धत वापरा, आधी या आळशी अंदाजाला ती हरवते का ते पाहा.

आता स्प्रेड. जवळचा महिना स्वस्त आणि लांबचा महाग असेल तर कॉन्टँगो. जवळचा महाग असेल तर बॅकवर्डेशन. कॉन्टँगोला वरची मर्यादा असते आणि ती हिशेबाने काढता येते. समजा भाव ७० डॉलर, व्याज वर्षाला ५ टक्के. एका बॅरलवर महिन्याचे व्याज झाले २९ सेंट. टाकीचे भाडे ४० सेंट धरू, विमा आणि इतर किरकोळ खर्च ५ सेंट. एकूण ७४ सेंट. दोन लागोपाठच्या महिन्यांत एवढा फरक पडला, की ज्याच्याकडे टाकी आहे तो आज तेल घेतो, पुढचा वायदा विकतो आणि निवांत बसतो. त्याला भावाच्या दिशेशी काही देणेघेणे नसते. बाजार त्याला सांगत असतो, ‘मला आज हा माल नको आहे, तू ठेव.’ उलट एक डॉलर बॅकवर्डेशन असेल तर साठा धरून ठेवणारा दर महिन्याला डॉलर गमावतो, वर भाडे आणि व्याज वेगळे. तेव्हा टाक्या रिकाम्या होऊ लागतात.

यातून वापरता येण्यासारखे चार प्रसंग निघतात. स्प्रेड घट्ट म्हणजे बॅकवर्डेशनकडे झुकलेला, सैल म्हणजे कॉन्टँगोकडे. भाव वाढतोय आणि बॅकवर्डेशनही वाढतेय: प्रत्यक्ष मालाला मागणी आहे, तेजी खरी आहे. भाव वाढतोय पण स्प्रेड ढिम्म आहे किंवा सैल होतोय: हा पैशाचा किंवा बातमीचा चढ आहे, रिफायनऱ्या माल उचलत नाहीत. असे चढ बहुधा टिकत नाहीत. भाव पडतोय पण स्प्रेड घट्ट आहे: फंड विकताहेत, पण टाक्यांत तेल कमीच आहे. आणि दोन्ही एकत्र घसरत असतील तर तळ शोधत बसू नका. मला यांतला दुसरा आणि तिसरा प्रसंग सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तिथेच मथळे आणि माल यांची फारकत दिसते.

स्प्रेड बघताना हमखास होणाऱ्या चुका दोन. पहिली एक्स्पायरीची, म्हणजे वायद्याची मुदत संपण्याची. डब्ल्यूटीआयचा वायदा डिलिव्हरीच्या आधीच्या महिन्याच्या २५ तारखेआधी तीन कामकाजाचे दिवस संपतो. शेवटच्या आठवड्यात पहिल्या महिन्याचा स्प्रेड अडकलेल्या सौद्यांमुळे वेड्यावाकड्या उड्या मारतो. म्हणून दुसरा-तिसरा महिना आणि दुसरा-सातवा महिना असे दोन स्प्रेड रोज टिपून ठेवावेत, पहिल्याकडे फार लक्ष देऊ नये. दुसरी चूक, एका जागेच्या साठ्याला जगाचा साठा समजणे. डब्ल्यूटीआयचा १००० बॅरलचा वायदा ओक्लाहोमातल्या कुशिंगला डिलिव्हर होतो. हे समुद्रापासून दूर असलेले, पाइपलाइनींनी वेढलेले टाक्यांचे गाव. तिथला साठा २ कोटी बॅरलच्या जवळ आला की टाकीच्या तळाचा, सहज न उपसता येणारा भागच उरतो आणि डब्ल्यूटीआयचा स्प्रेड एकदम आवळतो, मग जगात तेल मुबलक का असेना. ब्रेंटचा, म्हणजे उत्तर समुद्रातल्या मानक तेलाचा, स्प्रेड शेजारी ठेवला की हा स्थानिक ताण लगेच वेगळा काढता येतो.

२० एप्रिल २०२० ला मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, तो याच कुशिंगचा प्रताप. त्या आठवड्यात तिथे साधारण ६ कोटी बॅरल होते आणि क्षमता साडेसात कोटींच्या वर. म्हणजे टाक्या काठोकाठ भरल्या नव्हत्या, पण उरलेली जागा आधीच भाड्याने गेलेली होती. एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी हातात वायदा असलेल्याला तेल ठेवायला जागाच मिळेना, तेव्हा तो सौदा दुसऱ्याच्या गळ्यात मारायला पैसे मोजावे लागले. त्याच दिवशी जूनचा वायदा २० डॉलरच्या आसपास होता. ‘तेल फुकट झाले’ हा मथळा होता, बाजाराची अवस्था नव्हे. पण मे-जूनचा कॉन्टँगो त्याआधीच काही आठवडे रुंदावत चालला होता. बघणाऱ्याला तो दिसत होता.

प्रत्यक्ष मालाच्या आणखी दोन खुणा आहेत. सौदी अरामको साधारण दर महिन्याच्या ५ तारखेच्या सुमारास पुढच्या महिन्याचे अधिकृत विक्री दर जाहीर करते. आशियासाठीचे दर ओमान-दुबईच्या सरासरीशी जोडलेले असतात. त्या सरासरीवरचा वाढावा सलग दोन-तीन महिने कमी होत असेल, तर सगळ्यांत मोठा विक्रेता गिऱ्हाईक टिकवायला हात सैल सोडतोय. दुसरी खूण पश्चिम आफ्रिकेची. नायजेरिया आणि अंगोलाचे तेल बरेचसे खुल्या बाजारात विकले जाते. पुढच्या महिन्याचे जहाजे भरण्याचे वेळापत्रक आले तरी चालू महिन्याची जहाजे विकायची राहिली असतील, तर वायदा कितीही चढलेला असो, कुठेतरी पाणी मुरते आहे.

आता साप्ताहिक अहवाल, कारण सगळ्यांत जास्त लोक तिथेच फसतात. अमेरिकेची ऊर्जा माहिती संस्था, म्हणजे ईआयए, दर बुधवारी न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सकाळी साडेदहाला साठ्याचे आकडे देते. सुट्टी आली की एक दिवस पुढे. आदल्या संध्याकाळी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा खासगी आकडा येतो. दोन्हींची दिशा पुष्कळदा जुळत नाही, म्हणून मंगळवारच्या आकड्यावर मोठा सौदा करू नये.

बुधवारचा अहवाल कसा उकलायचा, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. मथळा आला: ‘क्रूडचा साठा ४२ लाख बॅरलने घटला’. अपेक्षा १० लाखांच्या घटीची होती. भाव डॉलरभर उडाला. आता आतल्या ओळी वाचा. आयात आदल्या आठवड्यापेक्षा दिवसाला ६ लाख बॅरलने कमी. सात दिवसांचे किती? ४२ लाख. म्हणजे अख्खी घट उशिरा लागलेल्या जहाजांची. धुके किंवा वादळामुळे ती अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरच्या बंदराबाहेर नांगरून उभी आहेत आणि पुढच्या आठवड्यात तेच तेल साठ्यात येणार. पुढची ओळ: पेट्रोलचा साठा ३५ लाखांनी वाढला, डिझेल आणि तत्सम इंधनांचा २२ लाखांनी. क्रूडची घट आणि इंधनांची वाढ एकत्र केली, तर एकूण साठा १५ लाखांनी वाढलाच. मथळा तेजीचा, अहवाल मंदीचा.

मग समायोजनाची ओळ बघा. उत्पादन, आयात, निर्यात आणि रिफायनरीचा वापर यांचा मेळ लागला नाही की उरलेला आकडा तिथे टाकतात. तो दिवसाला ३ लाख बॅरल असेल तर आठवड्याचे २१ लाख बॅरल नेमके कुठून आले, हे कुणाला ठाऊक नसते. निर्यातीची ओळही अशीच उड्या मारणारी. दोन मोठी टँकर रविवारी निघाली की शुक्रवारी, एवढ्यावर आकडा ४० लाखांनी बदलू शकतो. यावर उपाय एकच: चार आठवड्यांची सरासरी काढा, सामरिक साठा (सरकारने आणीबाणीसाठी ठेवलेले तेल) वेगळा ठेवा, आणि क्रूड अधिक इंधने अशी बेरीज त्याच आठवड्याच्या हंगामी सरासरीशी ताडा. एखाद्या आठवड्यात भाव उडतो किंवा पडतो तो अपेक्षेपेक्षा झालेल्या फरकावर, हे खरे. पण दोन महिन्यांची दिशा या बेरजेतून कळते.

बेरीजही सगळे सांगत नाही. अमेरिकेचा साठा दर आठवड्याला मोजला जातो म्हणून तो दिसतो, चीनचा दिसत नाही. चीनचा हिशेब आडवाटेने करावा लागतो: आयात अधिक देशातले उत्पादन, त्यातून रिफायनऱ्यांनी वापरलेले वजा. दिवसाला ५ लाख बॅरल उरत असतील तर तीन महिन्यांत साडेचार कोटी बॅरल तिथल्या टाक्यांत गेले. कागदावर जगात अतिरिक्त पुरवठा आहे, आणि भाव तरी पडत नाही, तेव्हा बहुधा उत्तर इथेच सापडते. ही खरेदी थांबली की तोच माल अटलांटिकच्या बाजूला दिसू लागतो. स्प्रेड त्याआधी सैल होतो.

रिफायनरीची बाजू सोडू नये, कारण क्रूडचे खरे गिऱ्हाईक तीच. तिचा नफा मोजायची रूढ रीत म्हणजे ३-२-१ क्रॅक: तीन बॅरल क्रूडमधून दोन बॅरल पेट्रोल, एक बॅरल डिझेल. बॅरलमध्ये ४२ गॅलन. पेट्रोल गॅलनला २.१० डॉलर म्हणजे बॅरलला ८८.२०, डिझेल २.३० म्हणजे ९६.६०. दोन पेट्रोल आणि एक डिझेल मिळून २७३ डॉलर. तीन बॅरल क्रूड ७० च्या भावाने २१०. उरले ६३, म्हणजे बॅरलमागे २१ डॉलर. एवढा नफा असेल तर रिफायनरी पूर्ण क्षमतेने चालणार आणि क्रूडला आधार मिळणार. क्रूड चढत असताना क्रॅक आकसत असेल, तर इंधनाचे गिऱ्हाईक ती वाढ स्वीकारत नाही आहे. एक खबरदारी: वसंतात आणि शरदात रिफायनऱ्या दुरुस्तीसाठी बंद होतात, तेव्हा क्रूडचा साठा वाढणे हे हंगामी असते. ती मंदीची खूण धरू नये. हंगाम संपल्यावरही साठा उतरला नाही, तर मात्र धरावी.

आता ओपेक प्लसच्या, म्हणजे ओपेक आणि रशियासारख्या साथीदारांच्या, बैठकांबद्दल. जाहीर कपात आणि प्रत्यक्ष कमी झालेले बॅरल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ५ ऑक्टोबर २०२२ ला दिवसाला २० लाख बॅरलची कपात जाहीर झाली. पण कित्येक सदस्य आधीच आपल्या कोट्याच्या खाली उत्पादन करत होते, त्यामुळे खरी कपात साधारण निम्मीच ठरली. उरलेला निम्मा भाग बोलाचीच कढी. २ एप्रिल २०२३ च्या रविवारी काही सदस्यांनी अचानक कपात जाहीर केली. सोमवारी ब्रेंट ८० च्या आतून ८५ च्या घरात गेला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात ७५ च्या खाली आला. म्हणून घोषणेनंतर कोट्याचा तक्ता बाजूला ठेवून टँकरांची निर्यात मोजायची, आणि ती दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. निर्णय उलट बाजूचा असेल तर परिणाम जास्त टिकाऊ. नोव्हेंबर २०१४ मध्ये ओपेकने कपात नाकारली, आणि जानेवारी २०१६ मध्ये ब्रेंट २८ च्या खाली उतरला. मार्च २०२० मध्ये सौदी-रशिया बोलणी फिसकटली, तेव्हा सोमवारी एका दिवसात भाव जवळपास पाव भागाने कोसळला. एप्रिलमध्ये दिवसाला ९७ लाख बॅरलची ऐतिहासिक कपात ठरली, तरी उणे भावाचा दिवस त्याच्यानंतरच उजाडला, कारण कपात मेपासून लागू होती आणि टाक्या एप्रिलमध्ये भरत होत्या.

शेलच्या, म्हणजे अमेरिकेत खडक फोडून काढल्या जाणाऱ्या तेलाच्या, बाबतीत लोक फार घाई करतात. रिग (विहिरी खोदणारी यंत्रे) बंद झाल्या म्हणजे उत्पादन लगेच घटते असे नाही. अमेरिकेतल्या तेलाच्या रिग ऑक्टोबर २०१४ मध्ये १६०९ वर होत्या, तिथून त्या वेगाने घटू लागल्या. उत्पादनाने शिखर गाठले ते मात्र २०१५ च्या वसंतात. खोदून ठेवलेल्या पण चालू न केलेल्या विहिरी मधल्या काळात कामी येतात. भावापासून उत्पादनापर्यंत सहा ते नऊ महिन्यांचे अंतर धरा. डॅलस फेडच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या डॅलस शाखेच्या) २०२५ च्या सर्वेक्षणात नवी विहीर परवडण्यासाठी कंपन्यांना सरासरी ६५ डॉलर हवे होते. हा आकडा म्हणजे भावाची खालची मर्यादा नव्हे. भाव त्याखाली आठवडेच्या आठवडे राहू शकतो, कारण जुन्या विहिरीचा चालू खर्च याहून बराच कमी असतो.

युद्धाची बातमी आली की एकच प्रश्न विचारायचा: किती बॅरल खरोखर थांबले, आणि किती दिवस? १४ सप्टेंबर २०१९ ला सौदी अरेबियातल्या अबकैक तेलप्रकल्पावरच्या हल्ल्याने दिवसाला ५७ लाख बॅरल बंद पडले. सोमवारी ब्रेंट एका दिवसात १४ टक्क्यांहून अधिक चढला. साठ्यातून पुरवठा चालू राहिला, दुरुस्ती लवकर झाली आणि दोन-तीन आठवड्यांत सगळी वाढ पुसली गेली. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षात भाव चढला, पण टँकर चालूच राहिले, आणि शस्त्रसंधीच्या सुमारास दोन दिवसांत तो जिथून निघाला तिथे परतला. १७ जानेवारी १९९१ ला आखाती युद्धाचे हवाई हल्ले सुरू झाल्यावर तर भाव एका दिवसात साधारण एक तृतीयांशाने पडला. भीती आधीच भावात भरली होती. होर्मुझच्या सामुद्रधुनीचे प्रकरण निराळे: २०२४ मध्ये तिथून दिवसाला सुमारे २ कोटी बॅरल जात होते, आणि वळसा घालणाऱ्या पाइपलाइनींना तो सगळा प्रवाह पेलत नाही. तिथे जहाजांची संख्या घटते आहे का, विम्याचे दर किती वाढले, हे बघायचे. नेत्यांची वक्तव्ये वाचत बसू नये.

फंडांची पोझिशन, म्हणजे त्यांनी किती वायदे घेऊन किंवा विकून ठेवले आहेत ती नोंद, दर शुक्रवारी जाहीर होते, पण ती मंगळवारची असते. त्यावर लगेच सौदा करणे म्हणजे वरातीमागून घोडे. तिचा उपयोग वेगळा आहे: विकून बसलेल्यांची गर्दी टोकाला गेली असेल तर पुढची वाईट बातमी भाव पाडत नाही, आणि छोटीशी चांगली बातमी शॉर्ट कव्हरिंगमुळे, म्हणजे विकलेले वायदे घाईने परत घेतले गेल्यामुळे, चार-पाच डॉलर उडवते. दिशा ठरवायला नव्हे, उडीचा आकार ओळखायला हा आकडा वापरा.

शेवटी अंदाज लिहायचा कसा. एक आकडा लिहू नका, पट्टा लिहा, आणि त्याची रुंदी ऑप्शनच्या बाजाराकडून घ्या. भाव ७०, गर्भित अस्थिरता (ऑप्शनच्या किमतींतून निघणारा चढउताराचा अंदाज) वार्षिक ३५ टक्के, मुदत तीन महिने. वर्षाचा चौथा भाग, त्याचे वर्गमूळ अर्धे, म्हणजे साडेसतरा टक्के. सुमारे १२ डॉलर. साधारण दोन-तृतीयांश शक्यता ५८ ते ८२ मध्ये. ९५ टक्के खात्री हवी असेल तर पट्टा ४९ ते ९९ असा पसरतो; बदल टक्क्यांत मोजल्यामुळे वरची बाजू जास्त लांबते. एवढ्या रुंद पट्ट्याचा उपयोग काय, असे वाटेल, पण कुणी तीन महिन्यांनंतरचा भाव ७३.५० सांगत असेल तर तो काय विकतोय ते यावरून कळते.

त्या पट्ट्यात आपला कल कुठे, हे स्प्रेड आणि एकूण साठा ठरवतात. नोंद अशी करावी: तारीख, भाव, दुसरा-तिसरा स्प्रेड, दुसरा-सातवा स्प्रेड, क्रॅक, हंगामी सरासरीपेक्षा साठा किती वर किंवा खाली, कल आणि त्याची टक्केवारी. खाली एक ओळ सक्तीची: ‘हे दिसले तर माझा अंदाज चुकला.’ उदाहरणार्थ, कल वरचा आहे, ६० टक्के. दुसरा-तिसरा स्प्रेड सलग पाच दिवस कॉन्टँगोत गेला, किंवा चार आठवड्यांच्या सरासरीने एकूण साठा हंगामापेक्षा जास्त वेगाने वाढला, तर अंदाज रद्द. भाव कुठेही असो. ही ओळ अंदाज करतानाच लिहायची. सौदा घेतल्यावर लिहायला बसले की अटी आपोआप सैल होत जातात.